भागाकारात मी नेहमी खाली

मी एक जुना ॲमीटर आहे. काळी चौकोनी पेटी, पुढे काच, काचेआड शून्य ते दहा ॲम्पिअरची पट्टी आणि तिच्यावर फिरणारा बारीक काटा. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, गोष्ट सांगायला बसलेली म्हातारी वस्तू मनाने मोठी असते. मी नाही. मी जन्मभर जळत आलो, आणि ज्याच्यावर जळलो तो माझ्यापासून चार बोटांवर, त्याच फळीला बसवलेला होता. तो म्हणजे व्होल्टमीटर.

आमचा कारखाना म्हणजे पाणी तापवायचे हीटर बनवणारा एक लांबट गाळा. तारकाकू तिथे नायक्रोमच्या, म्हणजे वीज गेली की तापणाऱ्या, तारेची वेटोळी गुंडाळत. त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे, इतकी वर्षं त्या तारेत होत्या. वेटोळं तयार झालं की ते आमच्या फळीवर जोडायचं, बटण दाबायचं आणि आम्ही दोघांनी आपापला आकडा दाखवायचा. विजेचा सगळा लोंढा माझ्या अंगातून जायचा. व्होल्टमीटर मात्र बाजूला उभा राहून वेटोळ्याच्या दोन टोकांना नुसता हात लावायचा. राबायचं मी आणि मान त्याला!

मालक आधी त्याच्याकडेच बघत. "दोनशे तीस व्होल्ट, छान." मग माझ्याकडे ओझरती नजर. "पाच ॲम्पिअर." पुढे पाटीवर खडूने हिशेब. वेटोळ्याचा रोध काढायचा तर व्होल्टला ॲम्पिअरने भागायचं. दोनशे तीस भागिले पाच, शेहेचाळीस ओहम. म्हणजे तो रेघेच्या वर आणि मी खाली. शक्ती काढायची तर दोघांचा गुणाकार, अकराशे पन्नास वॅट. तिथे आम्ही बरोबरीचे, पण तिथेही पहिला आकडा त्याचाच लिहीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दिवशी त्याचा काटा अडकू लागला. मालकांनी त्याला काढून पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे दिलं.

"त्याच्यावाचून काय अडतंय?" मालक म्हणाले. "लाईन दोनशे तीसचीच असते. ॲम्पिअर बघितले की झालं."

माझा आनंद पोटात माईना. आता गाळ्यात माझाच शब्द शेवटचा होता. शेजारची रिकामी जागा बघत मी दिवस दिवस खुशीत असायचो.

त्याच आठवड्यात शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगची मोठी यंत्रं आली, आणि माझ्यातून जाणारा लोंढा आटला. पाचच्या जागी मी चार दाखवू लागलो. मालकांनी पाटीवर दोनशे तीस भागिले चार केले. साडेसत्तावन्न ओहम!

"काकू, तार लांब जातेय. रोध वाढलाय."

"बावीस वर्षं फेरे मोजून घालतेय मी. मीटर तर नाही ना चुकत?"

"मीटर कशाला चुकेल? तुमचाच हात चुकतोय."

मालकांनी माझी बाजू घेतली होती! त्या दिवशी काकूंची बारा वेटोळी नापास झाली. जाता जाता मालक म्हणाले, "उद्यापासून पाच ॲम्पिअर येईपर्यंत तार आखूड करा. जमत नसेल तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." काकू नापास वेटोळं हातात घेऊन एकेक फेरा बोटाने मोजत राहिल्या. मला त्यांची दया आली, पण खोटं कशाला सांगू, मिळालेला मान त्याहून गोड लागत होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तार आखूड केली नाही. फडताळातून त्यांनी गेल्या वर्षीचा एक हीटर आणला. त्याच्या चिठ्ठीवर मालकांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाच ॲम्पिअर, पास.'

"हा लावा बघू," काकू म्हणाल्या.

मला घाम फुटायचा बाकी होता. पाच दाखवले तर माझं राज्य टिकणार होतं. मी पाचाकडे झेपावायची खूप इच्छा केली, पण अंगातून जितकी वीज जाते तितकंच मला बोलता येतं. काटा चारवर थांबला.

"म्हणजे मीटरच भंगार झालाय!" मालकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. माझे दोन स्क्रू सैल झाले, तेवढ्यात काकूंनी फळीवर हात ठेवला.

"अहो, थांबा. आधी व्होल्टमीटर आणा. त्याच्याशिवाय हा खरा की खोटा, कसं कळणार?"

दुपारपर्यंत मी दोन स्क्रूंवर लोंबकळत होतो. मित्रांनो, ज्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती, त्याचीच मी वाट बघत होतो. तो दुरुस्त होऊन आला, जोडला गेला, बटण दाबलं. त्याचा काटा एकशे चौऱ्याऐंशीवर थांबला. वेल्डिंगची यंत्रं लाईनचे व्होल्ट खाली ओढत होती.

मालकांनी नवा भागाकार मांडला. एकशे चौऱ्याऐंशी भागिले चार, शेहेचाळीस. जुना हीटर बरोबर होता. मग ती बाराही वेटोळी एकेक करून लावली, तीही बरोबर निघाली. तार आखूड केली असती, तर घरोघरच्या पूर्ण दोनशे तीस व्होल्टवर त्या हीटरांनी सव्वासहा ॲम्पिअर ओढले असते आणि वेटोळी जळून गेली असती.

"चुकलं माझं, काकू," मालक म्हणाले.

"याने आपला आकडा खराच सांगितला होता," काकू म्हणाल्या. "दुसरा तुम्ही मनाने घातलात." मग त्यांनी माझे स्क्रू आवळले. पण काच आधी त्याचीच पुसली, हे माझ्या लक्षात आहे.

आता फळीवर आकडे दाखवणारी एक नवी पेटी आली आहे. ती व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट सगळं एकटीच सांगते. आम्ही दोघं एका खणात पडून असतो. उद्या कुठल्याशा शाळेच्या बाई येणार आहेत. प्रयोगशाळेसाठी त्यांनी जुना व्होल्टमीटर मागितला आहे. फक्त व्होल्टमीटर! ऐकल्यापासून माझा जळफळाट होतोय.

मित्रांनो, त्या तुमच्याच बाई असतील तर त्यांना एवढं सांगा. तो एकटा आला, तर त्याच्या शेजारचा आकडा कुणीतरी मनाने लिहील, आणि कुणाच्या तरी बावीस वर्षांच्या हातावर चुकल्याचा शिक्का बसेल. एकदा तो माझ्यामुळे बसला होता आणि मी खुशीत होतो. मला व्होल्टमीटर अजूनही आवडत नाही. तरी आम्हाला दोघांना एकाच पिशवीतून न्या.