दीड हात आत

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. खैराच्या लाकडाची, हातभर लांब. जन्माला आले तेव्हा टोकदार होते. आता कुणी पाय ठेवला तरी त्याला टोचत नाही.

शिरढोणच्या पलीकडच्या एका गावात तुळशीरामने मला आपल्या जागेत ठोकलं, त्या दिवशी माझा थाट काय वर्णावा. हळद, कुंकू, नारळ, शेजारी पदर खोचून बायको चंद्रावती. नव्या घराचा उजवा कोपरा म्हणजे मी. भटजी म्हणाले, पूजेची खुंटी घर उभं राहीपर्यंत हलवायची नाही. तुळशीरामने मान डोलावली. ती डोलावलेली मान आम्हा सगळ्यांना तीन वर्षं महागात पडली.

मुहूर्त गाठायचा म्हणून त्याने जुनं घर आदल्याच आठवड्यात पाडलं होतं आणि बायको-मुलीला घेऊन तो कामोठ्यात दोन खोल्यांत राहायला गेला होता. बांधकाम परवानगीचा अर्ज मात्र अजून करायचा होता. आमच्याकडे क्रमच तसा: आधी नारळ, मग खुंटी, मग कागद. बरेच जण खुंटीनंतर थेट विटांवर येतात. पण तुळशीरामने मेव्हण्याच्या घराला आलेली नोटीस पाहिली होती. कागदाशिवाय एक वीट लावायची नाही, ही त्याची दुसरी शपथ.

दोन शपथा एका माणसाला जड जातात.

नकाशा काढायला पनवेलहून चारुता नावाची आर्किटेक्ट आली. तिने फीत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि उसासा टाकला. कुंपणालगत जी जागा मोकळी सोडावी लागते, तिच्यात मी दीड हात घुसले होते.

"काका, खुंटी दीड हात आत घ्या, प्लॅन पास होईल."

"पूजेची खुंटी हाय ती. नाय हलवायची."

"मग पास नाही होणार."

"तुमी टाकून तर बघा."

तिने टाकून बघितला. अर्ज परत आला. कारण, बाजूची जागा अपुरी. तुळशीरामने तोच नकाशा एक रात्र देवापुढे ठेवला आणि पुन्हा द्यायला लावला. तेच कारण पुन्हा आलं. कार्यालयातले दर वेळी जुनंच उत्तर देत आणि तुळशीराम दर वेळी नव्या उत्तराची वाट पाही.

मी उभीच. तीन पावसाळे फुगले, तीन उन्हाळे तडकले. पहिल्या वर्षी लोक मला हात जोडून वळसा घालायचे. दुसऱ्या वर्षी हात सुटले. तिसऱ्या वर्षी शेजारच्या सत्यवतीने मला तिची बकरी बांधली.

मी दमले होते, पण चंद्रावतीइतकी नाही. तिच्या अंकिताचा साखरपुडा होऊन दोन वर्षं झाली होती. हळद हॉलमध्ये लावू, कामोठ्याच्या गच्चीवर लावू, असं सगळे सांगून थकले. चंद्रावतीचं एकच म्हणणं, लेकीची हळद आपल्या दारातच लागणार. आणि दार तर अजून कागदावरही नव्हतं. शेवटी मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की पुढच्या वैशाखापलीकडे ते थांबणार नाहीत.

अर्ज चौथ्यांदा परत आला, त्या दुपारी ती एकटीच जागेवर आली. माझ्यापुढे उकिडवी बसली.

"बाय माजे, तुजा मान मोठा," ती म्हणाली. "पन माज्या पोरीनं कवर थांबायचं?"

मग तिने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही हातांनी मला गदागदा हलवलं आणि उपटलं. बकरीच्या दोरीसकट आडवं टाकून, पदराला हात पुसून ती रिक्षात बसली. बकरी रवंथ करत होती. तिने काही हरकत घेतली नाही.

संध्याकाळी सत्यवतीने फोनवर दहादा माफी मागितली. चंद्रावतीने मोठ्या मनाने तिला माफ केलं. तुळशीराम पांढराफटक पडून भटजींकडे धावला. भटजींनी पंचांग उघडून पुन्हा मिटलं. माणसाने उपटली असती तर दोष होता, ते म्हणाले, मुक्या जनावराने उपटली म्हणजे जागेचीच तशी इच्छा. तीन वर्षांत भटजीही दमले असावेत.

तुळशीराम लगेच मला नव्याने ठोकायला निघाला, तेव्हा चंद्रावती आडवी आली.

"या टायमाला आदी कागद. मंग खुंटी."

चारुताने नकाशा दीड हात आत घेतला. परवानगी आली. मग मला पुन्हा हळदकुंकू लागलं, दीड हात अलीकडे, आणि वैशाखाच्या आत घर उभं राहिलं.

काल दारात अंकिताची हळद लागली. त्याआधी तुळशीरामने हळदीचं पहिलं बोट बकरीच्या कपाळाला लावलं आणि हात जोडले. सत्यवतीचा ऊर भरून आला. चंद्रावती तोंडात पदर कोंबून घाईघाईने आत गेली. पाहुण्यांना वाटलं, लेक जाणार म्हणून आई रडतेय.

मी आता परसात, लग्नाच्या जेवणाच्या चुलीसाठी रचलेल्या लाकडांत पडून आहे. कोपऱ्यावर भिंत आली, की खुंटीचं काम संपतं. माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुम्ही घर बांधाल तेव्हा आधी अर्ज करा, सोडायची तेवढी जागा सोडा आणि मगच आम्हाला ठोका. शिवाय आम्ही कुठे आडव्या येतोय असं वाटलं, तर खुशाल हलवा. हलायला माझी कधीच ना नव्हती. तीन वर्षांत मला कुणी विचारलंच नाही.