आटवलेलं पाणी

“बोअरचं पाणी आजपासून प्यायचं नाही,” पाणीवाल्या बाई म्हणाल्या आणि सोसायटीच्या सभेत चुळबुळ सुरू झाली. पर्यावरण अभियंता, पाणी व्यवस्थापन सल्लागार अशी त्यांची पाटी लांबलचक. लोकांच्या तोंडी मात्र पाणीवाल्या बाईच.

चेअरमननी ग्लास उजेडात धरला. “काचेसारखं आहे की, मॅडम. वास नाही, चव नाही. मग काय, टँकर मागवायचे?”

“सध्या तरी टँकरच. सेप्टिक टँकची घाण झिरपतेय. नायट्रेट वाढलंय.”

“कुठंतरी पाणी मुरतंय, हे मात्र खरं!” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

बाईंना राग आला नाही. या लोकांना बिल्डरने लिफ्टचं चित्र दाखवून जिने विकले होते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकूनच पिणार. पण पुढच्या रांगेतली त्यांची सख्खी ताई खाली मान घालून बसली होती, ते जिव्हारी लागलं.

सभेनंतर त्या ताईच्या मागोमाग वर गेल्या. गॅसवर पातेलं खळखळत होतं. शेजारी तान्ह्या नातीची बाटली आणि दुधाच्या पावडरचा डबा.

“हे बोअरचंच?”

“अगं, अर्धं होईपर्यंत आटवते. आणखी काय करू?”

“ताई, उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटेल तसं ते वाढतं. आपल्याला चालून जाईल गं, पण एवढ्याशा जिवाचे ओठ निळे पडतात. श्वास कोंडतो.”

ताईने गॅस बंद केला. “एक विचारू? ते टँकरवाले तुझ्या ओळखीचे ना?”

“कामात भेटतात, म्हणून ओळखते.”

“सगळे तेच म्हणतायत. हिचाही वाटा असेल म्हणून.”

“आणि तू?”

ताईने ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. “उद्या दुसऱ्या कुणालातरी विचारते.”

लहानपणी जिच्या पाठीमागे लपायचं, तिनेच असं म्हणावं! “निदान तोवर हे पाणी तिला पाजू नकोस,” एवढंच बोलून बाई खाली उतरल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी पाण्याचा मोठा कॅन घेतला आणि गुडघ्यांना शिव्या घालत तो वर चढवला. उंबऱ्याशी ठेवून बेल दाबली. पुन्हा वाद नको, म्हणून जिन्याच्या वळणावर जाऊन थांबल्या.

दार उघडलं. ताईने कॅनकडे पाहिलं, मग जिन्याकडे. वळणावर बहीण दिसली. वाकून तिने झाकणाचं सील नखाने चाचपलं, कॅन फिरवून पुन्हा चाचपलं. मग तो आत ओढला आणि दाराला कडी घातली.