मागच्या चाकावरची खूण

वीरण्णानं पायताण काढून बाजूला ठेवलं आणि पाण्याच्या टँकरपासून वीस पावलं मोजून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ज्यानं ब्रेक बसवले त्यानंच चाचणीला गाडीपुढं उभं राहायचं, ही मालक साहेबरावांच्या कारखान्याची रीत होती.

"वीरण्णा, देवाचं नाव घे. जाताना आमचं घेऊ नको," मालक म्हणाले. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून गाडी तपासायला आलेले साहेब पान चघळत हसले.

शेषेराव खडू मुठीत धरून मागच्या चाकाशी थांबला होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याचे डोळे अर्धे गेले, तेव्हा मालकांनी त्याला तपासणीवर घेतलं होतं. मिस्त्रीची जुळणी पाहायची, नीट असली की चाकावर खडूनं खूण करायची. हे काम गेलं तर अर्ध्या डोळ्यांच्या माणसाला लातुरात दुसरं कोण ठेवणार होतं?

आज दुपारी वीरण्णा भाकरी खायला गेला, तेव्हा मालकांनी मागची दोन्ही चाकं उघडली. वीरण्णानं बसवलेले ब्रेकचे नवे लायनर काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ट्रकला लावले, आणि टँकरला त्या ट्रकचे झिजलेले. मग शेषेरावकडं नुसतं पाहिलं. शेषेरावनं खूण केली.

कालच सप्ताहाच्या कीर्तनात, खऱ्यापायी राज्य गमावलेल्या राजाचं आख्यान ऐकताना, तो आणि वीरण्णा शेजारी शेजारी बसून रडले होते. वीरण्णाच्या उपरण्याचं एकच टोक दोघांनी आळीपाळीनं डोळ्यांना लावलं होतं.

'थांबा' हा शब्द शेषेरावच्या ओठापर्यंत आला. मालकांनी मान वळवली. शेषेराव खोकला.

गाडी निघाली. वीरण्णानं डोळे मिटून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. ब्रेक करकरले, जळक्या रबराचा वास सुटला, धूळ उठली. धूळ बसली तेव्हा टँकर त्याच्या छातीपासून वीतभर अलीकडं उभा होता.

खरं तर टाकी भरून चाचणी घ्यायची असते. पण असल्या दुष्काळात चाचणीपुरतं पाणी कुठून आणायचं, असं मालक म्हणाले, ते साहेबांना पटलं. सही झाली.

वीरण्णा पायताण हातात घेऊनच शेषेरावकडं आला.

"भ्यालो न्हाई बगा, दादा. तुमची खूण बगितली व्हती."

मग तो हरखून सांगत राहिला. उद्याची पहिली खेप त्याच्याच वाडीला होती. उतार संपतो तिथंच विहीर, आणि बाया दिवस उगवायच्या आत घागरी मांडून उताराच्या तोंडाशीच बसतात. लेक गुरम्मा बाळंतपणाला आलेली, आठवा महिना, तरी नंबर पहिला तिचाच असतो.

"वीरण्णा," शेषेराव म्हणाला. "उतार लई हाय का?"

"हाय की. भरल्या गाडीला लईच." वीरण्णा हसला. "पण ब्रेक माझे हायेत अन् खूण तुमची."

पलीकडं मालक साहेबांना निरोप देऊन परत वळले होते, आणि तिथूनच पाहत होते.

"धुळीनं पुसली बगा," वीरण्णा चाकाकडं बोट दाखवत म्हणाला. "डायवरला दिसू द्या. परत करा."

शेषेराव वाकला. दुपारची खूण पुसट अन् वाकडी आली होती. आता खूण ठळक आणि सरळ उमटली.