अष्टमीचा बास

उदयने सुई उचलली आणि रेकॉर्डच्या सुरुवातीला पुन्हा ठेवली. ही तिसरी वेळ. लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या दुकानातला हेडफोन त्याने दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता. कोणी मुलगी रॅप करत होती, पण त्याचं सगळं लक्ष तिच्या आवाजाखालून घुमणाऱ्या खर्जातल्या बासकडे होतं. बास त्याचाच होता, शंकाच नको.

सत्त्याऐंशी साली याच बासवर तो रॅप करायचा, तेव्हा उभ्या गाड्यांच्या काचा थरथरायच्या. असा आवाज इकडे आधी कोणी ऐकलाच नव्हता. जो तो विचारायचा, कुठलं मशीन? उदय नुसता हसायचा. दोन वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं, मग ते दुसऱ्या कोणाच्या तरी तालावर नाचायला गेले. आता पंच्याण्णवमध्ये तो कौन्सिलच्या ऑफिसात फायली चाळत होता. बाकी सगळं गेलं तरी बास आपला, एवढ्यावरच बिचाऱ्याची मान ताठ होती.

म्हणजे त्या बासची मूळ टेप शशीनेच विकली. जुना पार्टनर, दुसरं कोण असणार? पुरावा म्हणून उदयने रेकॉर्ड विकत घेतली आणि तडक क्रॉयडन गाठलं. शशीने दार अर्धंच उघडलं, तेही त्याला खटकलं.

"मास्टर टेप तर तूच नेलीस," शशी म्हणाला. "तुझ्या मम्स लॉफ्टमध्ये. माझी कॉपीपण काढून घेतलीस. यू नेव्हर ट्रस्टेड मी, मेट."

आईचं घर एजवेअरला. उदय थेट माळ्यावर चढला. टेपच्या खोक्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. खाली आला तर स्वयंपाकघरात टेबलावर तांब्याची घागर लखलखत होती. नवरात्राला अजून चार महिने होते.

"आई, ही बाहेर कशाला?"

"हिवाळ्यात रश्मी आली होती, वैजयंतीची मुलगी, तीपण तुझ्यासारखं रॅप करते. तेव्हापासून बाहेरच आहे. अष्टमीला देवीपुढे आम्ही बायका घागर फुंकतो ना, तुझ्या गाण्यातला आवाज तोच, हे तिने बरोब्बर ओळखलं. म्हणाली, मावशी, फुंकली कोणी होती?" सुप्रभाताई हसल्या. "मी म्हटलं, मीच. तर म्हणे, माझ्यासाठी पुन्हा फुंकाल? दम लागला रे, पण फुंकली."

उदयने पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि पहिल्यांदाच उलटी केली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, बास : सुप्रभा दामले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघू," म्हणत आईने चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं.

"अगं बाई! माझं नावसुद्धा घालतात होय यावर?"

उदयला वर बघवेना. समोरच्या भिंतीवर त्याची स्वतःची रेकॉर्ड होती, त्यावर नाव फक्त त्याचंच. आईनेच ती फ्रेम करून लावली होती, आणि गेली आठ वर्षं दर रविवारी तीच त्याच्या नावावरची धूळ पुसत होती.