वहिनींचा गाल

त्या बेकरीत थर्मामीटर नव्हता, कारण वहिनींचा गाल होता. भट्टीचं दार उघडायचं, उजवा गाल तोंडाशी न्यायचा आणि म्हणायचं, "लावा." नवरा पीठ मळायचा, धाकटा दीर गल्ल्यावर बसायचा, भट्टी मात्र वहिनींची. तिच्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. तापलेल्या जागेवर सहसा कुणी सांगत नाही.

पण गेल्या महिन्यापासून पाव वरून फिकट आणि आतून चिकट निघायला लागले. एका गिऱ्हाइकाने पाव गल्ल्यावर आणून दाबून दाखवला. बोटाचा खड्डा पडला तो पडलाच.

दिरांनी तोडगा काढला.

"वहिनी, या वयात भट्टी झेपायची नाही आता. तुम्ही गल्ल्यावर या. बसून काम."

"तुमचं वय काय हो, भाऊजी?"

"माझं वेगळं. मी पहिल्यापासून बसूनच आहे."

दीर वहिनींहून दोन वर्षांनी मोठे होते. त्यांचं पोट आणखी थोडं मोठं.

"आणि भट्टीवर कोण?"

"माणूस ठेवू की."

वहिनी आतून हादरल्या. रात्री झोप नव्हती, चमचा पडला तरी रडू यायचं, नवरा नुसता श्वास घेताना दिसला तरी डोकं फिरायचं. आणि आता भट्टीचा अंदाजही गेला म्हणायचा? गल्ल्यावर बसायचं म्हणजे जन्मभर "ताजा आहे ना?" या प्रश्नाला "हो" म्हणायचं. त्यापेक्षा भट्टीत बसलेलं बरं.

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"घाम फार येतो का?"

वहिनी हसल्या. "अहो, भट्टीपुढे उभी असते मी."

"भट्टी बंद असताना?"

वहिनींचं हसू थांबलं. "तेव्हाही येतो."

"पाळी जातेय तुमची. मधूनच वाफा येतात, चेहरा तापतो, झोप उडते, चिडचिड होते. त्रास वाढला तर औषध आहे. झोपेला जपा, चहा कमी करा. वजन काय उचलता?"

"पिठाची पोती."

"पाठ सांभाळून उचला, पण सोडू नका. हाडांना लागतं ते."

वहिनींचा हात आपोआप गालाकडे गेला. म्हणजे भट्टी तापायच्या आधी हाच तापत होता, आणि त्या बिनधास्त "लावा" म्हणत होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भट्टीला थर्मामीटर बसवला. नवरा गोंधळला. "अगं, पण तुझा गाल?"

"रजेवर आहे," म्हणत वहिनींनी डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं त्याला सांगितलं.

ते ऐकून दीर हळूच आत आले. "वहिनी, बायकांच्या गोष्टी बाहेर नकोत. भट्टी बिघडली होती म्हणून सांगू."

"भट्टी बिघडली नव्हती आणि मीही बिघडलेली नाही," म्हणत वहिनी पिठाच्या हातांनीच दुकानात गेल्या. सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती.

"ऐका हो! माझी पाळी जातेय, चेहरा तापतो, म्हणून भट्टीचा अंदाज चुकला. आता थर्मामीटर लावलाय. ज्यांच्याकडे कच्चा पाव गेला त्यांनी बदलून न्या. भट्टीवर मीच आहे."

दिरांनी बिस्किटांच्या बरणीत डोकं घालायचंच तेवढं बाकी ठेवलं.

मग मागून एक बाई म्हणाली, "मी रात्री खिडकी उघडून बसते. आमचे हे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय."

"त्यांना जाड पांघरूण घेऊन द्या आणि दुसरीही खिडकी उघडा."

हशा पिकला. त्या बाईने दोन पाव जास्त घेतले आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ताही.

वहिनींनी मग गल्ल्यावरच्या पंख्याची वायर काढली. "हा आत जातोय. आणि दुपारी मी दार लावून झोपणार. आग लागली तरच उठवा, तीही मोठी असेल तर."

"अहो, पण मला उकडेल ना!"

"उकडेल," वहिनी म्हणाल्या आणि पंखा काखेत मारून भट्टीकडे निघाल्या.