पसाभर कोंडा

वैराग मागं पडलं तशी मी केराला पुढून उचललं आणि गाडीत माझ्या पाठीशी बसवलं. तिला ते पटेना. तिला बैलांच्या शेपट्यांजवळच बसायचं होतं.

"आई, हितनं मला रस्ता दिसत न्हाय की."

"धूळ लई हाय गं. नाकातोंडात जाईल."

धूळ फारशी नव्हतीच. पण पुढच्या माळावर बिरप्पादाजींची मेंढरं बसली आहेत, असं वैरागच्या बाजारात कळलं होतं. मांडीवर माझा धाकटा, सिदू, निजला होता. त्याचंच जावळ करमाळ्याला कमळाभवानीपुढं काढायला आम्ही सोलापुराहून निघालो होतो. यांना गिरणीतून रजा मिळाली होती, गाडी सासऱ्यांनी धाडली होती, आणि केरा तर निघण्याच्या आदल्या दिवसापासून नवं परकर-पोलकं अंगातून काढायला तयार नव्हती. सगळं आनंदाचं होतं. फक्त रस्ता त्या माळावरून जात होता.

केरा माझ्या पोटची नव्हे. माझी मावसबहीण तानाअक्का, बिरप्पादाजींची पहिली बायको, तिची ती. अक्काची तीन बाळं पाळण्यातच गेली. चौथं झालं तेव्हा तिच्या सासूनं, म्हाळसाबाईनं, बाळ सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मी ठरल्याप्रमाणं पलीकडून आले, बाळ उचललं, म्हाळसाबाईच्या पदरात पसाभर कोंडा घातला आणि पोर विकत घेतली. आमच्यात तशी रीतच आहे. काळाला वाटावं, ही पोर या घरची नव्हे, केरात सापडलेली, कोंड्याला विकलेली, आणि त्यानं दारावरून निघून जावं. पोर वाढते आईच्याच कुशीत, पण घरातलं कुणी तिला 'माझी' म्हणत नाही. ती मोठी झाली की घरच्यांनी कोंडा परत करायचा, 'ही माझी' असं तोंडानं म्हणायचं, आणि मग ती घरची.

काळ आला तो आलाच. बाळ सापडेना म्हणून तो आईला घेऊन गेला, असं गावात म्हणाले. माझं पहिलं तान्हं नुकतंच गेलं होतं, पदराला दुधाचे डाग पडत होते. केरा माझ्याकडं आली आणि सोलापुरात वाढली. आता तिचे पुढचे दात पडलेत.

"न थांबता गेलो तर?" मी यांना हळूच विचारलं.

यांनी कासरा आखडला. "माजा साडू हाय त्यो. त्याच्या दारावरनं त्याचीच पोर झाकून न्यायची? आपुन काय चोर हाय का?"

मला त्या घडीला चोर व्हायला चाललं असतं.

माळावर बाभळीखाली पालं दिसली. कुत्री धावून आली, तसे दाजी त्यांना हाकत पुढं आले. खांद्यावर घोंगडं, दाढी पांढरी होत चाललेली. त्यांनी यांना रामराम केला, सिदूला पाहिलं, बैलांना पाहिलं. केराकडं मात्र पाहिलं नाही.

म्हाळसाबाईनं पालातून पाण्याचा तांब्या आणला आणि यांना म्हणाली, "जोतीराम, गिरणीनं पार पिळून काडला की रं तुला. सुतावानी झालास." मग ती केराकडं वळली. "आन् तू कुनाची गं?"

"केराची," केरा म्हणाली. मीच तिला तसं शिकवलं होतं.

"शानी हाय." ही दाजींची नवी बायको, बजाबाई. तिला दिवस गेले होते, चांगले भरत आले होते. तिनं केराला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. "काटक बी दिसती. माजं तान्हं सांबाळंल की."

तेव्हाच मला सगळं कळलं. भाकरी कशीबशी आटोपली.

उन्हं कलली तशी मी उठायची घाई केली. म्हाळसाबाई पालात गेली आणि ओंजळ भरून बाहेर आली. ओंजळीत कोंडा होता.

"पदर पसर, सोना."

मी यांच्याकडं पाहिलं.

"आत्या, पोर शाळंत जाती," हे कसेबसे म्हणाले. "तितं तिला सवय झालीया."

"मेंढरामागं कसली शाळा? सांबाळलीस, लई उपकार झालं, पोरी. पर रीत म्हंजी रीत. सोलापूरचं पानी पिऊन इसरलीस व्हय?"

यांनी मान खाली घातली. मी पदर पसरला. कोंडा पडला त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही. म्हाळसाबाईनं केराचं मनगट धरलं. केरा माझ्याकडं बघून हसली. तिला तो खेळ वाटला असावा.

आता 'माझी' हा एक शब्द तेवढा उरला होता.

"ही..." म्हाळसाबाई म्हणाली आणि थांबली. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. तिचे डोळे माळावरून, मेंढरांवरून, आमच्या गाडीखालच्या सावलीपर्यंत फिरून आले. तीन नातवंडं आणि एक सून तिनं मातीत घातली होती. "बिरप्पा, तू म्हन. बाप तू."

"उकिरड्यावर तू ठिवलीस. तूच म्हन."

"बजे, मग तू म्हन. तुलाच पायजे न्हवं?"

बजाबाईचा हात पोटावर गेला. ती दोन पावलं मागं सरली. "मी न्हाय बाई. माजं अजून व्हायचंय."

माझ्या मनात दोन भीती एकमेकींवर आपटत होत्या. दाजींनी तो शब्द उच्चारला तर केरा माझी उरत नव्हती. आणि तो शब्द ऐकायला काळ टपून बसला असेल, तर ती कुणाचीच उरत नव्हती.

दाजी केरापुढं उकिडवे बसले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडं पाहिलं. केराचं कपाळ अक्काचंच आहे, रुंद आणि मधे किंचित खोल. ते तिथंच बघत राहिले. मग त्यांची नजर खाली आली.

"पायाला काय झालं?"

"काटा गेला."

"बाबळीचा?"

"बोरीचा. आईनं काडला."

दाजींचं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

पदर ओढला गेला तसे उघडले. दाजी माझ्या पदरातला कोंडा हातानं झाडत होते. तो जमिनीवर सांडला, तशा दोन मेंढ्या पुढं आल्या.

"आये," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीला कशापाय धरून ठिवलंयास? सोड तिला."

म्हाळसाबाईनं हात सोडला आणि पालात निघून गेली. हे बैल जुंपायला धावले. मी सिदूला आणि केराला गाडीत घातलं. गाडी हलली तेव्हा केरानं "येते हां" म्हणून ओरडून सांगितलं. दाजी पाठ करून एका कोकराचा पाय तपासत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. कोकराच्या पायाला काही झालेलं नव्हतं.

दोन्ही बाजूंना उंच जोंधळा होता आणि वारा नसतानाही त्यात मधेच काहीतरी सळसळत होतं, कुणी टपून ऐकत बसल्यासारखं. मी केराला कुशीत ओढून बसले होते.

"आई, त्यो मानूस कोन हुता?"

"मेंढक्या."

"त्यानं मला हात बी लावला न्हाय. कोकराला लावला." ती थोडी घुटमळली. "मी त्याला आवडले न्हाय व्हय?"

यांनी पुढून वळून माझ्याकडं पाहिलं. केराचा चेहरा उतरला होता. तिच्या कानात खरं काय ते एवढंसं सांगितलं असतं तरी तो फुलला असता. मी तिच्या कानाशी वाकलेही.

जोंधळ्यात पुन्हा सळसळलं.

"न्हाय," मी म्हणाले. दोन्ही बाजूंच्या रानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "तू त्याला जरा बी आवडली न्हाईस."