एकाच मापाच्या बहिणी

थोरलीची जनुकांची तपासणी झाली, निकाल चांगला आला आणि धाकटीने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, "आमचं काही निघालं नाही हो!"

आमचं! थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. रक्त हिने दिलं, निकालाच्या धास्तीने झोप हिची उडाली, आणि सुटल्या म्हणे दोघी!

त्यांची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. जाण्याआधी तिच्या रक्तात पिढीजात दोष सापडला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघी लेकींना समोर बसवून सांगितलं होतं, की हा दोष एकीत येईल, दुसरीत येणारही नाही, म्हणून प्रत्येकीने आपापलं तपासून घ्यायचं. दोष असला म्हणजे रोग झालाच असं नाही, पण मग डोळ्यांत तेल घालून लक्ष तरी ठेवता येतं. थोरली लगेच जाऊन आली. धाकटीकडे मात्र कधी पाहुणे, कधी पाठदुखी, आणि दोन्ही नसले की कंटाळा.

आज ती थोरलीच्या शिवणाच्या दुकानात नव्या जाकिटाचं कापड घेऊन आली होती. अस्तर फाटलं म्हणून जुनं जाकीटही आणलं होतं.

"तपासणीला कधी जातेस?" थोरलीने मशीन थांबवून विचारलं.

"तुझी झाली ना? मग पुन्हा कशाला? आई काय म्हणायची, एकीला मापलं की दोघींचं झालं. आजवर तुझ्याच मापाने माझे कपडे शिवलेस की नाही? मग रक्त तेवढं वेगळं कसं असेल?"

"अगं बाई, डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या, तेव्हा तू काय करत होतीस?"

"खिडकीबाहेर बघत होते."

भिंतीवर डोकं आपटलं असतं तर निदान भिंतीचा पोपडा तरी निघाला असता. थोरलीने रागारागाने जुनं जाकीट ओढलं आणि अस्तर टराटरा उसवलं. मग तिचा हात थांबला. आत, दोन्ही कुशींना, तिची मशीनची शिलाई नव्हतीच. शिलाई सोडवून, आत दुमडलेली जादा कापडाची माया बाहेर काढून, कुणीतरी भलत्याच रंगाच्या दोऱ्याने वेडेवाकडे टाके घातले होते.

"हे कुणी केलं?"

धाकटी कापडाच्या दशा ओढत बसली. "मीच."

"आणि बाकीचे कपडे?"

"तेही. तुझ्या मापाचं मला काखेत काचतं. पहिल्यापासूनच."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"आपण दोघी सारख्या, ह्याचं आईला केवढं कौतुक होतं!" धाकटी मुसमुसायला लागली. "ताई, तुझं चांगलं आलं गं. माझं वाईट आलं, तर मी एकटीच आईसारखी. तू इकडे आणि मी तिकडे."

थोरलीला गलबलून आलं, आणि गलबलून आलं म्हणून आणखीच संताप आला.

"एकटी? आणि मी काय मेले?" ती एवढ्या जोरात ओरडली की दाराशी आलेलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. "ऊठ. हात वर कर."

गळ्यातली टेप काढून तिने धाकटीच्या छातीभोवती गुंडाळली. जन्मात पहिल्यांदाच. टेपखाली धाकटीचं काळीज धडधडत होतं, ते थोरलीच्या बोटांना कळत होतं. आकडा तिच्या स्वतःच्या मापापेक्षा चांगला दोन बोटं जास्त भरला.

"सारख्या म्हणे!" थोरलीने पदराने नाही, हातातल्या कापडाच्या टोकानेच डोळे पुसले. "आता हात पुढे कर."

"बाहीचं माप?"

"बाही गेली खड्ड्यात. उद्या दुकान बंद, मी तुझ्याबरोबर येणार. रक्त कुठल्या हातातून द्यायचं, ते आत्ताच ठरव. तिथे जाऊन नाटकं नकोत."

धाकटीने नाक ओढलं, जरा विचार केला आणि डावा हात पुढे केला.

"उजवा राहू दे," ती म्हणाली, "त्याने मला तुझी शिलाई उसवावी लागते."